परसात रात्री कोण येतं? निरीक्षण आणि फोटोंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातली आगरं, पुण्या-नाशकाकडची शेतघरं, मुंबईच्या कडेच्या सोसायट्या, सगळीकडून साधारण हेच प्रश्न फिरून फिरून येतात. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ट्रॅप कॅमेरा, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, विकत घ्यायच्या बेतात असाल तर त्याआधी प्रश्न २ नक्की वाचा; पैसे वाचतील.

१. आमच्याकडे खरंच काही येत असेल का? आम्ही तर शहराला लागूनच राहतो.

बहुतेक येतच असणार. आवारात किंवा शेजारी उंबर, जांभूळ, फणस, देशी बदाम असं एखादं झाड, जवळ ओढा किंवा पडीक प्लॉट एवढं असलं तरी उदमांजर आणि वटवाघळं धरूनच चाला. थोडं मोकळं रान असेल तर साळिंदर, ससा, कोल्हा, रानमांजर. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल वस्तीला खेटून आहे आणि तिथल्या कुंपणालगतच्या सोसायट्यांना बिबट्या नवा नाही. जंगल जवळ असायलाच हवं असंही नाही. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या (तेव्हाचा अहमदनगर जिल्हा) शेतशिवारात कॅमेरे लावले, तेव्हा दाट वस्तीच्या बागायती भागात बिबटे आणि तरस कायमचे राहत असल्याचं दिसलं.

२. कॅमेरा न घेता सुरुवात कशी करायची?

मातीपासून. कुंपणात जिथे फट आहे, गडगा जिथे ढासळला आहे किंवा गवतातून बारीक पायवाट गेली आहे, तिथे साधारण मीटरभर लांब-रुंद जागा साफ करा. त्यावर चाळलेली माती किंवा बारीक रेती बोटभर जाडीची पसरा, वरून पाण्याचा हलका शिपका मारा आणि फळीने सपाट करा. हे संध्याकाळी करायचं आणि सकाळी ऊन चढायच्या आत बघायचं. तिरप्या उन्हात ठसे स्पष्ट दिसतात, डोक्यावरच्या उन्हात पुसल्यासारखे होतात. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, नाहीतर आकाराचा अंदाज नंतर लागत नाही.

वाचायचं कसं? चार बोटं, गोलसर ठसा आणि नखांची खूण नाही, तर मांजरकुळातलं कुणीतरी. चार बोटं आणि पुढे नखांचे टिंब, तर कुत्रा किंवा कोल्हा. कोल्ह्याचा ठसा अरुंद आणि लांबट असतो. पाच बोटं आली की उदमांजर, जवादी किंवा मुंगूस. दोन खूर आणि मागे दोन छोटे टोचे, तर रानडुक्कर. साळिंदराची गंमत वेगळीच असते. ठशांच्या बाजूने काट्यांच्या ओढल्याच्या बारीक समांतर रेघा उमटतात, जणू कुणी खराटा फिरवत गेलंय.

ठशांबरोबर विष्ठाही बघा. गडग्यावर, पायरीवर, पडलेल्या ओंडक्यावर अशा उंचवट्याच्या जागी जांभळाच्या नाहीतर करवंदाच्या बियांनी भरलेली विष्ठा रोज दिसत असेल, तर उदमांजराचा मुक्काम जवळच आहे. बदामाखाली चघळून टाकलेला चोथा आणि अर्धवट खाल्लेली फळं हे वटवाघळांचं काम.

आठ-दहा दिवस हे केलंत की कॅमेरा कुठे लावायचा ते आपोआप कळतं. एवढी खटपट नको म्हणणाऱ्यांचे कॅमेरे पुढे वर्षभर मोरीच्या भिंतीचे फोटो काढत बसतात, असा अनुभव आहे.

३. खिडकीत बसून प्रत्यक्ष बघायचं असेल तर?

घरातले, पडवीतले सगळे दिवे बंद करा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलकडे एक नजर टाकली की ती मेहनत पाण्यात जाते. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद दुहेरी लावा. रात्री फिरणाऱ्या बहुतेक सस्तन प्राण्यांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही. प्रकाश थेट अंगावर न टाकता बाजूच्या पानांवर टाका. वारा तुमच्याकडून झाडाकडे वाहत असेल तर त्या दिवशी बसू नका. वटवाघळांसारखे काही प्राणी लख्ख चांदण्यात वावर कमी करतात, त्यामुळे अमावास्येच्या आसपासचे दिवस बरे.

४. डोळे चमकतात त्यावरून प्राणी ओळखता येतो का?

पक्का नाही. डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्याची ती चमक. पण रंग टॉर्चच्या कोनावर बदलतो. मांजर कधी हिरवं दिसतं, कधी पिवळं. रंगापेक्षा डोळे जमिनीपासून किती उंच आहेत, दोन डोळ्यांत अंतर किती आणि ते हलतात कसे, हे जास्त उपयोगी. गवतात अगदी बारीक, हिऱ्याच्या कणीएवढी लुकलुक दिसली तर तो कोळी असतो. रानडुकराच्या डोळ्यांत हा थर नसतो, म्हणून समोर डोळे चमकले नाहीत याचा अर्थ समोर कुणी नाही असा घेऊ नका.

५. ट्रॅप कॅमेरा नेमकं काय करतो?

तो अंधारात बघत नाही, उष्णतेतला फरक ओळखतो. पुढच्या पांढुरक्या भिंगामागे सेन्सर असतो. पार्श्वभूमीपेक्षा गरम काहीतरी त्याच्यासमोरून सरकलं की कॅमेरा जागा होतो, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो आणि फोटो घेतो. त्या प्रकाशात रंग नसतात, म्हणून रात्रीचे फोटो काळे-पांढरे. ही रचना लक्षात ठेवली की प्रश्न ९ आणि १० मधल्या निम्म्या तक्रारींचं उत्तर तुम्हीच द्याल.

६. कोणता घ्यावा? ३६ मेगापिक्सेलचा चांगला ना?

मेगापिक्सेलच्या आकड्याकडे दुर्लक्ष करा. स्वस्त कॅमेऱ्यांत फोटो टिपणारा आतला सेन्सर लहानच असतो आणि फोटो फुगवून आकडा मोठा केलेला असतो. विचारायच्या गोष्टी दोनच. पहिली, कॅमेरा जागा व्हायला किती वेळ घेतो: अर्ध्या सेकंदाच्या आत हवा, नाहीतर शेपट्यांचा संग्रह होईल. दुसरी, अवरक्त दिव्यांची तरंगलांबी. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबवर पोचतात, पण पेटताना मंद लाल ठिपके दिसतात आणि काही प्राणी तिकडे टक लावून बघतात. ९४० नॅनोमीटरचे दिसत नाहीत, पण पल्ला कमी. परसासाठी ९४० चाच घ्या. तिथे अंतर थोडंच असतं.

७. घरचा सीसीटीव्ही किंवा जुना मोबाइल चालेल का?

वाय-फायवाला सीसीटीव्ही उत्तम चालतो, फक्त अंगणाच्या ज्या कोपऱ्यात वीज आणि सिग्नल पोचतो तेवढ्यापुरता. त्याच्या दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागे पाली येतात आणि कोळी थेट काचेसमोर जाळं विणतो. मग रात्रभर सूचनांचा भडिमार. दर दोन दिवसांनी मऊ फडकं फिरवावं लागतं. मोबाइलचा नाइट मोड काही सेकंदांचे फोटो एकत्र करतो, त्यामुळे स्थिर बसलेला पिंगळा छान येतो आणि चालणारं उदमांजर धूसर पट्टा होतं.

८. कॅमेरा कुठे आणि किती उंचीवर लावायचा?

गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाटेपासून तीन ते पाच मीटरवर. छातीएवढ्या उंचीवर लावला की उदमांजराची नुसती पाठ येते. कॅमेऱ्याचं तोंड वाटेला काटकोनात न ठेवता तिरकं, साधारण ४५ अंशांत ठेवा. प्राणी चौकटीत जास्त वेळ राहतो आणि चेहराही मिळतो. पूर्व-पश्चिम तोंड टाळा, उगवतीचं-मावळतीचं ऊन सेन्सरला फसवतं. उत्तरेकडे तोंड असलेलं सर्वांत चांगलं.

लावून झाला की स्वतः चार पायांवर रांगत समोरून जा. शेजारी हसतील, हसू द्या. चाचणीचा याहून खात्रीचा प्रकार नाही.

९. शेकडो फोटो येतात आणि सगळे रिकामे! शिवाय तारीखही भलतीच.

रिकामे फोटो बहुतेक दिवसाचे असतील, बघा. उन्हात तापलेलं गवत किंवा केळीचं पान वाऱ्याने हललं की सेन्सरला ते गरम, हलतं अंग वाटतं. समोरचं दोन मीटरमधलं गवत कापा, लटकती फांदी बांधा आणि कॅमेरा ज्या खोडाला बांधला ते स्वतः डुलत नाही ना ते पाहा. सुपारीचं झाड या कामाला वाईट, माडाचा बुंधा चांगला.

तारखेचं कारण म्हणजे सेल काढले की बऱ्याच कॅमेऱ्यांचं घड्याळ शून्यावर जातं. सेल बदलल्यावर तारीख, वेळ आणि विशेषतः सकाळ-रात्रीचा घोळ तपासा. भरदुपारी घुबड आल्याचे जे फोटो फिरतात, त्यातल्या अनेकांचं मूळ इथे असतं. मेमरी कार्ड कॉम्प्युटरवर नाही, त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा.

१०. उलटी तक्रार आहे: मातीत ठसे ताजे आहेत, पण फोटो एकही नाही.

कारणं अनेक. दिवसाचे फोटो नीट आणि रात्रीचे काळेकुट्ट असतील तर सेल उतरले आहेत. अवरक्त दिव्यांना जास्त वीज लागते, म्हणून रात्र आधी जाते. साध्या अल्कलाइन सेलवर ही अडचण लवकर येते. रिचार्जचे सेल चालतात, पण त्यांचा दाब दीडऐवजी १.२ व्होल्ट असतो, तेव्हा कॅमेऱ्याला ते मान्य आहेत का ते पुस्तिकेत बघून घ्या.

सेल चांगले असतील तर हवामान बघा. एप्रिल-मे महिन्यात चिऱ्याची भिंत, कातळ रात्री उशिरापर्यंत तापलेले असतात. प्राण्याचं अंग आणि मागची भिंत यांच्या तापमानात फरकच उरला नाही की सेन्सर गप्प. अशा वेळी मागे भिंत येणार नाही, माती किंवा पाला येईल अशी जागा निवडा.

आणि ठशांऐवजी नागमोडी रेघ असेल तर फोटोची आशा सोडा. सापाचं अंग भोवतालाएवढंच गार, त्यामुळे तो कॅमेऱ्यासमोरून आरामात निघून जातो. म्हणूनच कॅमेऱ्यात साप नाही म्हणजे आवारात साप नाही, असं समजू नका. मण्यार रात्रीच फिरते, घोणस आणि फुरसंही. कार्ड बदलायला शक्यतो दिवसा जा. रात्री जावंच लागलं तर बूट आणि टॉर्च हवाच, आणि कॅमेऱ्यामागे हात घालण्याआधी उजेड पाडा. विंचू, मुंगळे, गांधीलमाश्यांचं पोळं असं सगळं तिथे सापडतं. सर्पदंश झालाच तर १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय; मांत्रिक नाही, जखम कापणं नाही.

११. पावसाळ्यात कॅमेरा ठेवावा का?

कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर माझं मत नाही असंच आहे. कॅमेरा जलरोधक असला तरी काचेवर बाष्प धरतं, सेलच्या कप्प्यात गंज येतो, भिंगाला बुरशी लागते. ठेवायचाच तर पडवीच्या वळचणीखाली ठेवा, आत सिलिका जेलची पुडी टाका आणि ती आठवड्याला बदला. देशावर एवढी अडचण नाही. फळांच्या दिवसांत, म्हणजे साधारण मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, परसात गर्दी तशीही जास्त असते.

१२. मला काळे-पांढरे नकोत. मोठ्या कॅमेऱ्याने रंगीत फोटो हवा आहे.

मग सेन्सर वेगळा, कॅमेरा वेगळा आणि फ्लॅश वेगळे असा संच लागतो. प्राणी जिथून जातो तिथे वीट ठेवून तिच्यावर फोकस करा, मग फोकस हाताने बांधून टाका. छिद्र एफ ८, शटर सेकंदाचा १२५वा ते २००वा भाग, आयएसओ ४०० ते ८००. दोन फ्लॅश दोन्ही बाजूंना, डोक्याच्या वर, पांढरं कापड लावून आणि सोळांश ताकदीवर. कमी ताकदीचा फ्लॅश फार थोडा वेळ पेटतो, त्यामुळे मिशीचा केसही गोठतो. फ्लॅशची आपोआप झोपण्याची सोय बंद करायला विसरू नका. निम्मे फोटो त्यापायीच जातात.

एका भेटीला एक-दोन चमका पुरेत. घुबडावर, पिल्लांसह आलेल्या मादीवर आणि वटवाघळांच्या वस्तीवर फ्लॅश मारूच नये.

१३. केळी, अंडं किंवा मटणाचे तुकडे ठेवले तर प्राणी लवकर येतील ना?

येतील, आणि पहिली येतील ती गल्लीतली कुत्री. कुत्र्यांमागे बिबट्या येऊ शकतो, उष्ट्यामागे रानडुकरं येतात, आणि माणसाच्या अंगणात खायला मिळतं हे शिकलेलं जनावर पुढे कुणाच्या तरी सापळ्यात नाहीतर काठीखाली सापडतं. कायद्याचं बोलायचं तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणंही मोडतं. बिबट्याच्या फोटोसाठी कोंबडी किंवा शेळी बांधणाऱ्यांनी हे विशेष वाचावं.

झाडाखाली गळालेली जांभळं तशीच राहू देणं याला आमिष म्हणत नाहीत. तेवढं पुरतं. उन्हाळ्यात पाणी जरूर ठेवा: पसरट, उथळ भांडं, आत चढायला एक दगड. पाणी रोज ओतून भांडं घासायचं, कारण साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची पैदास आठवडाभरात होते.

१४. फोटोतलं हे मुंगूस आहे, जवादी आहे की उदमांजर?

रात्रीचा फोटो असेल तर मुंगूस जवळपास बादच करा. तो दिवसा हिंडतो. उरले दोघे. शेपटीवर काळे-पांढरे वेढे आणि अंगावर ओळीने ठिपके असतील तर जवादी. शेपटी एकरंगी काळपट, चेहऱ्यावर काळा मुखवटा आणि स्वारी झाडावर किंवा कौलावर असेल तर उदमांजर, ज्याला कुणी कांडेचोर म्हणतं. जवादी बहुधा जमिनीवरच दिसते.

कोल्हा की खोकड या प्रश्नाला शेपटीचं टोक बघा. खोकड लहानखुरं, कान मोठे आणि शेपटीचं टोक काळं. तेही माळरानावर, कोकणातल्या आगरात खोकड दिसलं असं कुणी सांगितलं तर फोटो मागा.

१५. रात्री माळ्यावर धावपळ आणि विचित्र घोरण्याचा आवाज येतो. घरातले घाबरलेत.

धावपळ जड असेल तर उदमांजर, हलकी असेल तर उंदीर. लांबलचक फिसकारणं किंवा घोरणं म्हणजे बहुतेक गव्हाणी घुबडाची पिल्लं भूक लागली म्हणून ओरडताहेत. घुबड अशुभ वगैरे काही नाही. तुमचे उंदीर तेच कमी करतंय. उदमांजर नको असेल तर ते अंधार पडल्यावर बाहेर पडतं तेव्हा आत पिल्लं नाहीत याची खात्री करून फट जाळीने बंद करा. पिल्लं असतील तर ती चालती होईपर्यंत थांबावं लागेल, दुसरा मार्ग नाही. धूर करू नका.

१६. कॅमेऱ्यात बिबट्या आलाय. आता?

घाबरून गावभर फोटो पाठवू नका, त्यातून गर्दी जमते आणि खरा धोका गर्दीतून होतो. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. गोव्यात जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात. बिबट्या नुसता वाटेने गेला म्हणून पिंजरा लावा असा आग्रह धरू नका. एक उचलला की रिकाम्या जागी दुसरा येतो, आणि नवखा जास्त गोंधळ घालतो.

घरापुरतं करायचं ते हे: कुत्री-शेळ्या रात्री बंदिस्त जागेत, कचरा उघडा नाही, अंगणात उजेड, लहान मुलं अंधारात एकटी बाहेर नाहीत आणि उघड्यावर वाकून बसणं नाही. कॅमेरा तसाच राहू द्या, पण कार्ड काढायला दिवसाउजेडी, दोघांनी जा.

१७. खवले मांजराचा फोटो मिळाला! कुठे कुठे टाकू?

कुठेही नको. खवल्यांसाठी या प्राण्याची तस्करी चालते आणि फोटोसोबत गावाचं नाव गेलं की पत्ताच दिल्यासारखं होतं. वनविभागाला सांगा, बाकी गप्प बसा. गव्हाणी घुबडाच्या ढोलीचंही तेच, विशेषतः दिवाळीच्या अमावास्येच्या आधी, कारण अंधश्रद्धेपोटी घुबडं त्याच दिवसांत पकडली जातात. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असतात. कुणालाही पाठवण्याआधी ती माहिती काढून टाका.

१८. स्वतःच्या जागेत कॅमेरा लावायला परवानगी लागते का?

स्वतःच्या आवारात नाही. अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात किंवा राखीव वनात मात्र वनविभागाच्या परवानगीशिवाय लावू नका, भले ती हद्द तुमच्या परसामागूनच जात असेल. प्राण्याला पकडणं, डांबणं, ढोलीतून बाहेर काढून फोटो घेणं हा सगळीकडेच गुन्हा आहे. बिबट्या, खवले मांजर यांसारखे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले प्राणी असतील तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते.

१९. उसात किंवा परसात पिल्लं सापडली आहेत, आई दिसत नाही.

आई जवळच असते, तुम्ही आहात म्हणून येत नाही. पिल्लांना उचलू नका, दूध पाजू नका, सेल्फी नको. लांब व्हा आणि १९२६ ला कळवा. जुन्नर भागात ऊसतोडणीत बिबट्याची आणि वाघाटी या लहानशा रानमांजराची पिल्लं नेहमी सापडतात. वनविभागाची माणसं ती त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई येऊन त्यांना नेते. जखमी प्राण्यालाही हात लावू नका. कोल्हा, मुंगूस, वटवाघूळ, कुणीही चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

२०. आम्हाला फोटोंची हौस नाही. साळिंदर सुरण खातं आणि डुकरं भात उकरतात. कॅमेऱ्याचा काय उपयोग?

आहे उपयोग. कोण येतं, कुठल्या फटीतून आणि किती वाजता, हे कळल्याशिवाय केलेलं कुंपण फुकट जातं. साळिंदर जाळीखालून उकरून शिरतं, त्याला जाळी फूटभर जमिनीत पुरावी लागते. नुकसान झालं असेल तर वनविभागाला ताबडतोब कळवून पंचनामा करून घ्या. तारीख-वेळेचे फोटो तिथे कामी येतात, पण घड्याळ बरोबर असेल तरच (प्रश्न ९). तारेत घरची वीज थेट सोडणं गुन्हा आहे, आणि त्या तारेला चिकटून बऱ्याचदा माणूसच जातो, जनावर नाही.

२१. कॅमेऱ्यात माणूस आला तर काय करायचं?

कॅमेरा पेरूकडे तोंड करून असेल तर पहिल्या आठवड्यात बहुधा शेजारची पोरंच येतात. त्यांच्या आईला दाखवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, ग्रुपवर मात्र टाकू नका. शेजाऱ्याचं अंगण, न्हाणीघर, खिडकी चौकटीत येत असेल तर आधी कॅमेरा वळवा. खरोखर चोर दिसला तर कार्ड फॉरमॅट न करता काढून ठेवा आणि तेच पोलिसांकडे न्या, त्यातले निवडक फोटो नव्हे. आणि कॅमेराच चोरीला जाऊ नये म्हणून दोरीऐवजी सायकलची कुलपाची तार वापरा. पासवर्डची सोय असेल तर पहिल्याच दिवशी घालून तो घरात दुसऱ्या कुणालातरी सांगून ठेवा.